रुळांवरचं पाणी

बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या आगगाडीची गोष्ट ठाण्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. १६ एप्रिल १८५३ची दुपार, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिनं. या गोष्टीतला एक थांबा मात्र सांगणारे सहसा गाळतात. अवघ्या ३४ किलोमीटरच्या त्या प्रवासात गाडी वाटेत शीवला उभी राहिली होती, आणि ती कुणाच्या स्वागतासाठी नव्हे, तर इंजिनांना पाणी घेता यावं म्हणून.

रेल्वेचा इतिहास लोखंडाचा आणि कोळशाचा म्हणून लिहिला जातो. पाण्याचा म्हणून तो फारसा कुणी लिहीत नाही. खरं तर धावत्या गाडीत पाणी कुठे भरायचं, ते कसं टिकवायचं आणि वेळ आली की कसं काढून टाकायचं, हे तीन प्रश्न पहिल्या दिवसापासून रेल्वेच्या मागे आहेत. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात पहिल्या दोहोंची उत्तरं शोधण्यात पिढ्या गेल्या. तिसऱ्याशी, म्हणजे थंडीत गोठणाऱ्या पाण्याशी, या पट्ट्याची गाठ कधी पडलीच नाही. बदलापूर-कल्याणचा पारा दहा-बारा अंशांवर आला की इथे शाली निघतात, शेकोट्या पेटतात आणि वर्तमानपत्रांत हुडहुडीचे मथळे येतात. नळ फुटले अशी बातमी मात्र येत नाही. पण इथून निघालेल्या गाड्या आणि माणसं दूर उत्तरेला आणि परदेशी गेली, तिथे हा तिसरा प्रश्न दबा धरून बसलेला होता.

१ मे १८५४ला गाडी कल्याणला पोचली. पुढे फाटे फुटले. एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जत-खोपोलीकडे, आणि दोन्हींच्या टोकाला सह्याद्री उभा. बोरघाटाचा मार्ग १८६३मध्ये खुला झाला, थळघाट ओलांडून गाडी १८६५मध्ये इगतपुरीला गेली. बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट असा चढ होता. असा चढ चढताना इंजिन कोळसा तर खाई, पण त्याहून जास्त पाणी पिई. नंतरच्या काळातल्या मोठ्या ब्रॉडगेज इंजिनांच्या टेंडरमध्ये, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, वीस-पंचवीस हजार लिटर पाणी मावत असे, आणि तेही काही तासांत संपे.

पाणी संपणं ही वेळापत्रकाची अडचण नव्हती, जिवाशी गाठ होती. बॉयलरमध्ये भट्टीच्या छतावर पाण्याचा थर कायम लागतो. तो थर खाली गेला तर तापलेलं छत मऊ पडतं आणि आतल्या वाफेच्या दाबाने कोसळतं. म्हणून छतातच शिशाची एक गुल्ली बसवलेली असे. पाणी फार खाली गेलं की शिसं वितळायचं, वाफ भट्टीत घुसायची आणि आग विझू लागायची. ड्रायव्हरची नजर रुळांवर जितकी, तितकीच पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर असे, ती यामुळेच.

मग ठरावीक अंतरावर पाणी हवं, म्हणून तलाव हवेत, पंप हवेत, उंचावर टाक्या हव्यात. अंबरनाथजवळ काकोळे गावी रेल्वेचं जुनं धरण आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, रेल्वेने ते बांधलं. ती कंपनी १९५१मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, इंजिनंही भंगारात गेली, तरी धरणाचं नाव ‘जीआयपी टँक’ हेच राहिलं. पुढे त्याच धरणाच्या आधारावर रेल्वेचा बाटलीबंद पाण्याचा, ‘रेल नीर’चा, कारखाना अंबरनाथला उभा राहिला. इंजिनाच्या पोटात जाणारं पाणी आता प्रवाशाच्या हातात येतं, तेही पैसे मोजून.

नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीने तर पाण्याचा थांबा नकाशावरच कोरून ठेवला आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली ही लाइन १९०७मध्ये सुरू झाली. जुम्मापट्टी आणि अमन लॉज यांच्या मधल्या स्टेशनचं नाव आजही ‘वॉटर पाइप’ आहे. वाफेची छोटी इंजिनं चढाच्या मध्यावर तिथे दम खात आणि पाणी घेत. आताच्या डिझेल इंजिनाला तशी गरज नाही, पण गाडी तिथून जाते आणि पाटी तशीच आहे.

मोठ्या स्टेशनांवर फलाटाच्या टोकाला लोखंडी वॉटर कॉलम असत. हत्तीच्या सोंडेसारखा त्यांचा नळ रुळांवर वळवायचा, टेंडरच्या तोंडात सोडायचा आणि चाक फिरवायचं. कल्याणला हे काम उन्हात घाम पुसत होई. इंग्लंडात त्याच यंत्राशेजारी हिवाळ्यात कोळशाची शेगडी पेटती ठेवावी लागे, नाहीतर नळात उरलेलं पाणी गोठून तो निकामी होई. अमेरिकेत काही मार्गांवर रुळांच्या मधोमध पाण्याचे लांबलचक उथळ हौद होते. गाडी न थांबता खालून पन्हळ सोडून पाणी उचलून घेई, आणि थंडीत त्या हौदांत वाफ सोडून बर्फ धरू दिला जात नसे. जीआयपीने विलायतेहून इंजिनं मागवली, नळ मागवले, नियमावल्याही मागवल्या. शेगडी मागवायची वेळ कल्याणवर आली नाही.

इंजिनाच्या पाण्याची एवढी बडदास्त ठेवली जात असताना प्रवाशाच्या पाण्याचं काय, हा प्रश्न बराच काळ कुणाला पडलेला दिसत नाही. स्टेशनांवर पाणी पाजणारे नेमलेले असत, पण हिंदूंचं पाणी वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं. आणि काहींच्या वाट्याला दोन्ही नव्हतं. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेले छोटे भीमराव आणि त्यांच्यासोबतची मुलं मसूर स्टेशनवर उतरली. पुढच्या बैलगाडीच्या वाटेवर त्यांच्याकडे जेवण होतं, पण जातीमुळे पाणी कुणी दिलं नाही. डॉ. आंबेडकरांनी पुढे आत्मकथनपर लेखनात हा प्रवास तपशीलवार सांगितला आहे. पाण्याच्या व्यवस्थेचा कोणताही इतिहास नुसत्या नळ्या-टाक्यांवर संपत नाही, तो इथे अडतो.

डब्यात पाणी आलं ते पिण्यासाठी नव्हे, शौचालयासाठी. वरच्या वर्गाच्या डब्यांत ही सोय आधी होती, खालच्या वर्गाला ती उशिरा मिळाली. १९०९मध्ये ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला एक संतप्त पत्र लिहिलं. अहमदपूर स्टेशनवर ते शौचाला उतरले असताना गाडी सुटली आणि एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत ते फलाटावर पडले. त्या मोडक्यातोडक्या इंग्रजी पत्राची आज रेल्वे संग्रहालयात गंमत म्हणून मांडणी होते, आणि खालच्या वर्गात शौचालयं येण्याचं श्रेयही त्याला दिलं जातं. शौचालय आलं की वर टाकी आली, टाकीपासून नळी आली, नळीला तोटी आली. डबा म्हणजे एक छोटं फिरतं घर झालं आणि घराच्या नळाची सगळी दुखणी त्याला जडली.

याच सुमारास, १९१२मध्ये, पंजाब मेल सुरू झाली. मुंबईहून कल्याण, इटारसी, आग्रा, दिल्ली करत ती थेट पेशावरकडे जाई. मे महिन्यात खानदेशच्या होरपळीतून जाणारा डबा जानेवारीत सरहद्दीच्या कडाक्यात उभा राहणार, म्हणजे एकाच टाकीला दोन हवामानं झेलायची होती. तरीही त्या काळातली सारी कल्पकता खर्च झाली ती उकाड्यावर. प्रतिस्पर्धी बीबी अँड सीआय कंपनीच्या फ्रंटियर मेलमध्ये १९३४पासून डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवून हवा गार केली जाऊ लागली. वाटेतल्या स्टेशनांवर वितळलेल्या लाद्या बदलल्या जात. तिकडे थंड मुलखांतले रेल्वेवाले डब्यातला बर्फ काढायला धडपडत होते, आणि हिंदुस्थानात तो पैसे देऊन डब्यात भरला जात होता.

कल्याणच्या वाफेला उतरती कळा लागली ती विजेमुळे. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी धावली, आणि १९३०पर्यंत तारा कल्याणवरून पुण्याला आणि इगतपुरीला पोचल्या. पण वाफ गेली म्हणावं तर तेही खरं नाही. रेल्वेला वीज पुरवायला ठाकुर्लीला खाडीकाठी चोळे पॉवर हाउस उभं राहिलं. कोळसा तिथेही जळत होता, पाणी तिथेही उकळत होतं. इंजिनातला बॉयलर फक्त रुळांवरून उचलून डोंबिवलीच्या शेजारी आणून ठेवला, एवढाच काय तो फरक. पुढे १९८०च्या दशकात हे वीजघर बंद पडलं आणि त्याच्या उंच चिमण्या ठाकुर्लीकरांच्या खुणेच्या जागा होऊन राहिल्या.

आणि ज्या लोकलवर ठाणे, डोंबिवली, कल्याण ही शहरं वाढली, तिच्यात पाणीच नाही. ना टाकी, ना नळ, ना शौचालय. कसाऱ्याहून मुंबई गाठायला अडीच तासांच्या वर लागतात, तरी ही सोय झालेली नाही. डोंबिवलीकराची पाण्याची व्यवस्था म्हणजे पाठीवरच्या सॅकमधली बाटली.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसत जातात. पाणी चार अंशांपर्यंत शहाण्यासारखं आकसतं, त्याखाली मात्र फुगू लागतं, आणि बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. नळी फुटते ती बर्फ धरतो तिथेच असं नाही. नळीत कुठेतरी बर्फाचं बूच बसतं आणि ते वाढत जातं. बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे पाणी अडकतं, त्याला जायला जागा उरत नाही. त्याच्यावर दाब चढत जातो आणि सगळ्यात कच्चा सांधा फाटतो. लबाडी अशी की गोठलेलं असेपर्यंत काहीच गळत नाही. ऊन पडलं, बर्फ वितळला, की मग घरभर पाणी.

उपाय तीनच आहेत आणि फार जुने आहेत. पाणी हलतं ठेवा, त्याला ऊब द्या, नाहीतर काढून टाका. पहिले दोन महाराष्ट्रातही ठाऊक आहेत. निफाडला पारा शून्याच्या दिशेने उतरू लागला की द्राक्षबागायतदार ओळींमध्ये शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकमधून पाणी सोडतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे मुळांजवळची जमीन तग धरते. लडाखमध्ये घरचा नळ थेंबथेंब वाहता ठेवतात तो याच न्यायाने, आणि कडाक्याचे महिने आले की लेहची अनेक हॉटेलं नळ पूर्ण बंद करून पाहुण्यांना बादलीने पाणी देतात.

तिसरा उपाय वाफेच्या ड्रायव्हरांचा. थंड मुलखात इंजिन रात्रभर उभं करायचं तर एक तर भट्टी निखाऱ्यांवर जिवंत ठेवायची, नाहीतर बॉयलर, टेंडर आणि मधल्या सगळ्या बारीक नळ्या रिकाम्या करायच्या. टाकी रिकामी करणं सोपं. चुकतं ते वळणांत, जिथे पेलाभर पाणी उरलेलं असतं.

हेच काम ठाण्या-डोंबिवलीतून अमेरिकेला गेलेल्या मराठी घरांना दर ऑक्टोबरात करावं लागतं, अर्थात ज्यांनी हौसेने कॅम्पर घेतला आहे त्यांना. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. त्यात शुद्ध पाण्याची टाकी, पंप, गीझर, बेसिन, शॉवर, आणि सांडपाण्याच्या व मैल्याच्या वेगळ्या टाक्या. न्यू जर्सीसारख्या राज्यात हिवाळा यायच्या आत हे सगळं कोरडं करावं लागतं. आधी सगळ्या टाक्या सोडायच्या. गीझर थंड होऊ द्यायचा, मगच त्याचं तळाचं बूच काढायचं, कारण गरम आणि दाबातलं पाणी अंगावर येतं. मग गीझरला वळसा देणारी झडप फिरवून तो बाजूला काढायचा आणि उरलेल्या नळ्यांत एक तर हलक्या दाबाने हवा फुंकायची, नाहीतर पंपाने गुलाबी रंगाचा न गोठणारा द्रव खेळवायचा. एकेक तोटी उघडायची, गुलाबी धार आली की बंद करायची. शॉवर आणि बाहेरच्या बाजूचा नळ विसरायचा नाही, आणि बेसिनखालच्या वळणांत पेलाभर द्रव ओतायचा. हा द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवट इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत कधीही जाता कामा नये. वसंतात सगळं साफ पाण्याने धुऊन काढलं की घर पुन्हा प्रवासाला तयार.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. किनाऱ्याने फिरणाऱ्या गाडीला या उपद्व्यापाची गरज नाही. पण हीच गाडी कुणी नोव्हेंबरात स्पितीला नेली तर पहिल्याच रात्री डोकेदुखी सुरू होईल, आणि इथल्या मेकॅनिककडे त्यावर उतारा असेलच असं नाही. त्याने असा प्रसंग कधी पाहिलेलाच नसतो.

गंमत म्हणजे गोठण्याचा प्रश्न कल्याण स्टेशनात आडवाटेने आधीच शिरला होता, आणि तोही शौचालयातून. सियाचीनसारख्या ठिकाणी मैला कुजत नाही, वर्षानुवर्षं बर्फात तसाच राहतो. त्यावर डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने थंडीतही काम करणाऱ्या जीवाणूंचा शोध घेतला, त्यासाठी अंटार्क्टिकातले जीवाणूही आणले, आणि मैल्याचं पाणी व वायू करणारी टाकी तयार केली. हेच तंत्र पुढे रेल्वेने उचललं. जानेवारी २०११मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेस अशा जैवशौचालयांसह धावली आणि नंतर ती देशभरच्या डब्यांत बसली. कल्याणच्या फलाटावर मे महिन्यात उभ्या असलेल्या एक्सप्रेसच्या डब्याखाली हिमनदीसाठी घडवलेलं यंत्र लटकत असतं. रुळांवर पडणारी घाण त्यामुळे थांबली. ओखिलबाबूंच्या पत्रानंतर डब्याच्या शौचालयात झालेला हा सगळ्यात मोठा बदल, आणि त्याचं मूळ थंडीत आहे.

काश्मीरमध्ये मात्र प्रश्न थेट समोर आला. खोऱ्यातला रेल्वेचा पहिला तुकडा २००८मध्ये सुरू झाला, २०१३मध्ये पीरपंजालखालच्या ११ किलोमीटरच्या बोगद्याने बनिहाल जोडलं गेलं आणि ६ जून २०२५ला कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावली. या मार्गावरचा चिनाबवरचा पूल, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आणि १,३१५ मीटर लांब, उभारण्याची जबाबदारी कोकण रेल्वे महामंडळाकडे होती. महामंडळाचं मुख्यालय बेलापूरला, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच. दरडी, चिखल आणि कोसळता पाऊस यांच्याशी झगडून तयार झालेल्या माणसांना हिमालयाची भुसभुशीत माती अगदीच परकी वाटली नसावी. पाण्याचं गोठणं मात्र रत्नागिरीच्या अनुभवात बसणारं नव्हतं. तो भाग डबे बांधणाऱ्यांच्या वाट्याला आला.

त्यांनी निवडलेला उपाय ऊब देण्याचा. या गाडीत पाण्याच्या टाक्यांना तापणाऱ्या गाद्या लावल्या आहेत, नळ्यांनाही उष्णता पुरवली आहे, आणि जैवशौचालयाच्या टाक्या गोठू नयेत याचीही सोय आहे. ड्रायव्हरच्या समोरच्या काचेत तापणाऱ्या तारा आहेत, म्हणजे बर्फ काचेवर धरत नाही. हे सगळं विजेवर चालतं. गाडी तारेखाली जिवंत उभी असेल तोवर टाकीतलं पाणी पाणीच राहतं. वीज तोडून डबे हिवाळ्याच्या रात्री यार्डात उभे करायचे झाले, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना शेवटी जुनाच मार्ग उरतो. डब्याखाली वाकायचं, तळाची झडप उघडायची आणि टाकी सोडून द्यायची.